स. का. पाटील

सदाशिव कानोजी पाटील ऊर्फ स. का. पाटील (१४ ऑगस्ट १८९८ – २४ मे १९८१) हे भारतीय स्वातंत्र्यसैनिक, काँग्रेसचे नेते, मुंबईचे महापौर आणि केंद्रीय मंत्री होते. मुंबई शहराच्या काँग्रेस संघटनेवर त्यांची अनेक वर्षे एकहाती पकड होती. त्यामुळे त्यांना मुंबईचे अनभिषिक्त सम्राट म्हटले जाई. १९५९ ते १९६३ या काळात ते केंद्रात अन्न व कृषिमंत्री होते. या काळात त्यांनी अमेरिकेशी केलेला १ कोटी ७० लाख टन धान्याचा करार हा त्या वेळपर्यंतचा अशा प्रकारचा सर्वांत मोठा करार होता. परदेशी धान्याच्या आधाराने देशातील भाव स्थिर ठेवावेत, अंतर्गत व्यापारावरील निर्बंध उठवावेत आणि मिळालेल्या अवधीत शेती सुधारावी, असे त्यांचे धोरण होते. हे धोरण कितपत यशस्वी झाले, याविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत.

सुरुवातीचे जीवन

पाटील यांचा जन्म दक्षिण कोकणात, आजच्या सिंधुदुर्ग जिल्ह्याच्या परिसरात झाला. हा प्रदेश भातशेतीचा असला तरी घरची शेती वर्षभर पुरत नसे आणि घरटी एखादा माणूस नोकरीसाठी मुंबईस जाई. पाटीलही शिक्षणासाठी मुंबईस आले. महात्मा गांधींनी असहकाराची हाक दिल्यावर त्यांनी १९२० मध्ये महाविद्यालय सोडले आणि स्वातंत्र्यचळवळीत उडी घेतली. पुढे त्यांनी लंडनमध्ये पत्रकारितेचे शिक्षण घेतले. स्वातंत्र्यलढ्यात त्यांना अनेकदा कारावास भोगावा लागला.

मुंबई प्रदेश काँग्रेस समितीचे ते दीर्घकाळ सरचिटणीस होते. १९४६ पासून सुमारे दहा वर्षे ते तिचे अध्यक्ष होते. व्यापारी, गिरणीमालक आणि दलाल यांच्याशी असलेल्या संबंधांमुळे पक्षासाठी निधी उभारणारा नेता अशी त्यांची ख्याती झाली. याच संबंधांमुळे त्यांच्यावर टीकाही झाली.

मुंबईतील कारकीर्द

पाटील संविधान सभेचे सदस्य होते. १९४९ ते १९५२ या काळात ते सलग तीन वेळा मुंबईचे महापौर झाले. भारत सरकारने १९४९ मध्ये नेमलेल्या चित्रपट चौकशी समितीचे ते अध्यक्ष होते. या समितीचा अहवाल १९५१ मध्ये सादर झाला.

१९५२, १९५७ आणि १९६२ च्या निवडणुकांत ते दक्षिण मुंबईतून लोकसभेवर निवडून गेले. संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीत मात्र त्यांनी मुंबई महाराष्ट्रात समाविष्ट करण्यास कडवा विरोध केला. या भूमिकेमुळे मराठी जनतेत त्यांच्याविषयी तीव्र रोष निर्माण झाला आणि तो त्यांच्या पुढील राजकीय जीवनात कायम राहिला.

अन्नप्रश्नाची पार्श्वभूमी

दुसऱ्या महायुद्धापूर्वी भारतात दरवर्षी मोठ्या प्रमाणावर ब्रह्मदेशाचा तांदूळ येत असे. मुंबई व कोकण यांचा त्यावर मोठा आधार होता. १९४२ मध्ये जपानने ब्रह्मदेश जिंकल्यावर हा पुरवठा एकाएकी थांबला. १९४३ मध्ये बंगालमध्ये भीषण दुष्काळ पडला आणि त्याच वर्षी मे महिन्यात मुंबईत शिधावाटप सुरू झाले. शहराचे अन्न दूरच्या देशातून येत असेल, तर त्या देशातील घडामोडी थेट शहराच्या चुलीपर्यंत पोहोचतात, याचा अनुभव त्या पिढीने घेतला.

फाळणीत पश्चिम पंजाब व सिंधमधील कालव्यांखालची गव्हाची जमीन पाकिस्तानात गेली आणि निर्वासितांचे लोंढे भारतात आले. कल्याणजवळच्या लष्करी छावणीत सिंधी निर्वासितांची मोठी वसाहत उभी राहिली. तीच पुढे उल्हासनगर म्हणून ओळखली जाऊ लागली. अशा नव्या वस्त्यांना शेतीचा आधार नव्हता. त्यांची भिस्त शिधापत्रिकेवर होती.

१९५१ मध्ये अमेरिकेने भारताला धान्यखरेदीसाठी १९ कोटी डॉलरचे कर्ज दिले. १९५४ मध्ये अमेरिकेत पब्लिक लॉ ४८० हा कायदा झाला. शेतकऱ्यांना हमीभाव देण्याच्या धोरणामुळे अमेरिकी सरकारच्या कोठारांत गव्हाचे ढीग साचले होते आणि त्यांच्या साठवणुकीचा खर्च वाढत होता. हे धान्य गरजू देशांना त्यांच्याच चलनात विकण्याची तरतूद या कायद्याने केली. भारताने या कायद्याखालील पहिला करार ऑगस्ट १९५६ मध्ये केला.

तरीही तुटवडा कायम राहिला. धान्याचा घाऊक व्यापार सरकारने हाती घ्यावा, असा निर्णय राष्ट्रीय विकास परिषदेने नोव्हेंबर १९५८ मध्ये घेतला. एप्रिल १९५९ मध्ये फोर्ड फाउंडेशनच्या पथकाने भारतातील अन्नसंकटावरील अहवाल दिला आणि लोकसंख्येच्या तुलनेत धान्योत्पादन मागे पडत असल्याचा इशारा दिला. भाववाढीवरून टीका होत असताना अन्नमंत्री अजितप्रसाद जैन यांनी राजीनामा दिला आणि ऑगस्ट १९५९ मध्ये ते खाते पाटील यांच्याकडे आले. तत्पूर्वी त्यांनी केंद्रात पाटबंधारे व वीज आणि नंतर वाहतूक व दळणवळण ही खाती सांभाळली होती.

अन्नमंत्री म्हणून धोरण

पाटील हे काँग्रेसमधील उजव्या विचारांचे नेते मानले जात. सहकारी शेती आणि धान्याचा सरकारी व्यापार या दोन्हींविषयी ते साशंक होते. त्यांच्या मते भाववाढीच्या मुळाशी तुटवड्याइतकीच तुटवड्याची भीती होती. उद्या माल मिळणार नाही असे वाटले की शेतकरी धान्य रोखतो, व्यापारी साठा करतो आणि गिऱ्हाईक गरजेपेक्षा जास्त घेते. सरकारच्या हाती भरलेली कोठारे असतील, तर ही भीती ओसरेल आणि व्यापारावर बंधने घालण्याची गरज उरणार नाही, अशी त्यांची मांडणी होती. परंतु कोठारे भरण्याइतके धान्य देशात नव्हते आणि परदेशातून रोखीने घेण्याइतके परकीय चलनही नव्हते. दुसऱ्या पंचवार्षिक योजनेतील यंत्रसामग्रीच्या आयातीमुळे देशाची गंगाजळी आटली होती. रुपयात मिळणारे अमेरिकी धान्य हाच त्यांच्यापुढे उपलब्ध असलेला मार्ग होता.

डिसेंबर १९५९ मध्ये दिल्लीत जागतिक कृषी प्रदर्शन भरले. त्यासाठी त्याच मंत्रालयात कृषी विभाग सांभाळणारे पंजाबराव देशमुख यांनी पुढाकार घेतला होता. भारतभेटीवर आलेले अमेरिकेचे अध्यक्ष ड्वाइट आयझेनहॉवर या प्रदर्शनास उपस्थित राहिले. त्यानंतर काही महिन्यांतच मोठ्या धान्यकराराची बोलणी पूर्ण झाली.

४ मे १९६० चा करार

१ मे १९६० रोजी मुंबईसह महाराष्ट्र राज्य स्थापन झाले. या घटनेला विरोध करणारे पाटील त्यानंतर तीनच दिवसांनी, ४ मे रोजी, वॉशिंग्टनमध्ये आयझेनहॉवर यांच्यासमवेत धान्यकरारावर सही करत होते.

या कराराने भारताला चार वर्षांत १ कोटी ६० लाख टन गहू आणि १० लाख टन तांदूळ मिळणार होता. वाहतुकीच्या खर्चासह कराराची किंमत १२७ कोटी ६० लाख डॉलर होती. तेव्हाच्या विनिमयदराने ही रक्कम सुमारे ६०० कोटी रुपये होते. दहा हजार टनांचे एक जहाज धरले, तर चार वर्षे दररोज एकाहून अधिक जहाज भारताच्या किनाऱ्याला लागावे, इतके हे धान्य होते.

एकूण धान्यापैकी ४० लाख टन गहू आणि १० लाख टन तांदूळ राखीव साठ्यासाठी होता. उरलेला गहू चालू तूट भरून काढण्यासाठी होता. पूर्वीच्या करारांपेक्षा हे वेगळेपण महत्त्वाचे होते. केवळ चालू वर्षाची गरज भागवण्याऐवजी वाईट वर्षासाठी धान्य बाजूला ठेवण्याची कल्पना त्यात प्रथमच मोठ्या प्रमाणावर आली.

धान्याची किंमत भारताने रुपयांत भरायची होती. हे रुपये भारतातच अमेरिकी सरकारच्या खात्यात जमा होत. त्यांतील मोठा भाग विकासकामांसाठी कर्ज व अनुदान म्हणून भारतालाच परत मिळे. काही भाग अमेरिकी वकिलातीच्या खर्चासाठी आणि काही खासगी उद्योगांना कर्ज देण्यासाठी ठेवला जाई. या निधीचा एक अनपेक्षित उपयोग ग्रंथखरेदीसाठी झाला. १९६२ पासून लायब्ररी ऑफ काँग्रेसने याच रुपयांतून भारतीय भाषांतील पुस्तके विकत घेऊन अमेरिकी विद्यापीठांना पाठवण्यास सुरुवात केली. तेथील ग्रंथालयांतील मराठी पुस्तकांचे मोठे संग्रह त्यातून उभे राहिले.

बंदरापासून शिधावाटप दुकानापर्यंत

आयात गहू जहाजातून सुटा येत असे. तो बंदरात गोण्यांत भरून रेल्वेच्या डब्यांत चढवला जाई. मुंबई बंदरातून निघालेले धान्य पोर्ट ट्रस्टच्या रेल्वेमार्गाने वडाळ्याजवळ मुख्य मार्गाला मिळे आणि मध्य रेल्वेवरून ठाणेमार्गे कल्याणला पोहोचे. कल्याण जंक्शनला हा मार्ग दुभंगतो. एक फाटा कसारा घाटातून नाशिक, खानदेश व विदर्भाकडे आणि दुसरा कर्जतमार्गे बोरघाटातून पुणे व सोलापूरकडे जातो. त्यामुळे मुंबईत उतरलेल्या धान्याला घाटावर जाण्यासाठी कल्याण हा मोक्याचा टप्पा होता.

ठाणे जिल्हा स्वतः भाताचा होता. परंतु मुंबईलगतच्या पट्ट्यात कारखाने व चाळी वाढत होत्या. ठाणे, कल्याण आणि डोंबिवली येथे मुंबईत नोकरीला जाणारा पगारदार वर्ग मोठ्या संख्येने स्थायिक होत होता. कोकणातून आलेल्या भातखाऊ कुटुंबांना शिधापत्रिकेवर तांदूळ कमी आणि गहू अधिक मिळू लागला, तेव्हा त्यांच्या रोजच्या जेवणात पोळीचे प्रमाण वाढले. परदेशी धान्याचा परिणाम अशा रीतीने भावांबरोबरच आहारावरही झाला.

धान्याचा मुक्त व्यापार

करारानंतर पाटील यांनी धान्याच्या सरकारी घाऊक व्यापाराची योजना बाजूला सारली. १९६१ मध्ये गव्हाचे विभाग रद्द करून संपूर्ण देशात गव्हाची ने-आण खुली करण्यात आली. गव्हाचे भाव पुढील दोन वर्षे तुलनेने स्थिर राहिले. पाटील यांचे समर्थक याला त्यांच्या धोरणाचे यश मानतात.

त्याच काळात सघन कृषी जिल्हा कार्यक्रम, म्हणजेच पॅकेज कार्यक्रम, सुरू झाला. फोर्ड फाउंडेशनच्या साहाय्याने १९६०-६१ पासून तंजावर, पश्चिम गोदावरी, शहाबाद, रायपूर, अलिगढ, लुधियाना आणि पाली हे सात जिल्हे निवडण्यात आले. बियाणे, खत, कर्ज आणि सल्ला शेतकऱ्याला एकत्र पुरवावा, ही त्यामागील कल्पना होती. पुढे महाराष्ट्रातील भंडारा जिल्ह्याचाही त्यात समावेश झाला. आयातीने मिळालेला अवधी शेती सुधारण्यासाठी वापरण्याचा हा प्रयत्न होता. मात्र त्याचा विस्तार देशाच्या गरजेच्या मानाने लहान होता आणि पिकांच्या जुन्या जातींना जास्त खत मानवत नव्हते.

देशाचे धान्योत्पादन १९६०-६१ मध्ये ८ कोटी २० लाख टन होते. १९६२-६३ व १९६३-६४ मध्ये ते ८ कोटी टनांच्या आसपासच राहिले. लोकसंख्या मात्र वाढत होती. त्यामुळे राखीव साठ्यासाठी आलेले धान्यही चालू वाटपात खर्च होऊ लागले. ५० लाख टनांचा साठा प्रत्यक्षात कधीच पूर्ण उभा राहिला नाही.

टीका

आयात धोरणावर दोन दिशांनी टीका झाली. अमेरिकी अर्थतज्ज्ञ थिओडोर शुल्ट्झ यांनी १९६० मध्येच असा मुद्दा मांडला होता की, स्वस्त आयात धान्यामुळे घेणाऱ्या देशातील शेतमालाचे भाव दबतात आणि तेथील शेतकऱ्याला उत्पादन वाढवण्याचे कारण उरत नाही. शहरातील ग्राहकाला मिळालेल्या दिलाशाची किंमत गहू पिकवणारा शेतकरी मोजतो, असा या टीकेचा रोख होता. याउलट आयातीचे धान्य मुख्यतः ठरावीक दराने शिधावाटपातून गेल्यामुळे खुल्या बाजारावरील परिणाम मर्यादित राहिला, असे काही अभ्यासकांनी दाखवले.

दुसरी टीका राजकीय होती. परक्या देशाच्या धान्यावर विसंबल्याने स्वतंत्र परराष्ट्रधोरणास बाधा येईल, असे डाव्या पक्षांचे म्हणणे होते. पाटील यांच्या व्यापारीवर्गाशी असलेल्या जवळिकीमुळे व्यापार खुला करण्याच्या निर्णयाकडेही संशयाने पाहिले गेले.

गाजर गवत म्हणजेच काँग्रेस गवत हे तण पब्लिक लॉ ४८० च्या गव्हाबरोबर भारतात आले, अशी समजूत महाराष्ट्रात रूढ आहे. मात्र या वनस्पतीची नोंद पुण्यात १९५० च्या दशकाच्या मध्यातच, या कायद्याखालील पहिला करार होण्याच्या सुमारास झाली होती. त्यामुळे तिच्या आगमनाचा संबंध पाटील यांच्या कराराशी जोडता येत नाही.

१९६३ नंतर

१९६३ मध्ये कामराज योजनेखाली मोरारजी देसाई, लालबहादूर शास्त्री, जगजीवनराम आदींसह पाटील यांनी मंत्रिपदाचा राजीनामा दिला. १९६४ मध्ये भाव झपाट्याने वाढले आणि गव्हाचे विभाग पुन्हा लागू करावे लागले. महाराष्ट्र शासनाने भात व ज्वारीची एकाधिकार खरेदी सुरू केली. परिणामी ठाणे जिल्ह्यातील भात उत्पादकही सरकारी खरेदीच्या कक्षेत आले. जानेवारी १९६५ मध्ये भारतीय अन्न महामंडळ आणि कृषी मूल्य आयोग कार्यान्वित झाले. पाटील यांनी टाळलेला सरकारी हस्तक्षेप अशा रीतीने कायमस्वरूपी संस्थांच्या रूपाने आला.

जून १९६४ मध्ये शास्त्री यांच्या मंत्रिमंडळात पाटील रेल्वेमंत्री झाले आणि मार्च १९६७ पर्यंत त्या पदावर राहिले. याच काळात सलग दोन वर्षे पाऊस अपुरा पडला. १९६४-६५ मध्ये ८ कोटी ९० लाख टनांवर गेलेले धान्योत्पादन १९६५-६६ मध्ये ७ कोटी २० लाख टनांवर घसरले. १९६६ मध्ये १ कोटी टनांहून अधिक धान्य आयात झाले आणि ते बंदरांतून देशभर पोहोचवण्याचा भार रेल्वेवर पडला.

दरम्यान अमेरिकेचे अध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी दीर्घ मुदतीचे करार थांबवून थोड्या थोड्या धान्याला मंजुरी देण्याचे धोरण स्वीकारले. भारताने शेतीधोरण बदलावे आणि व्हिएतनाम युद्धावर टीका टाळावी, असा दबाव त्यामागे होता. शास्त्री यांनी जनतेला सोमवारी एक वेळचे जेवण सोडण्याचे आवाहन केले. चार वर्षांच्या हमीने धान्य मिळवणाऱ्या १९६० च्या कराराशी तुलना करता ही स्थिती अगदी उलट होती. अन्नमंत्री सी. सुब्रमण्यम यांनी याच सुमारास मेक्सिकन गव्हाच्या अधिक उत्पादन देणाऱ्या जाती आणल्या आणि हरितक्रांतीस चालना मिळाली. पॅकेज कार्यक्रमातील लुधियाना जिल्हा तिच्या अग्रभागी राहिला.

अखेरची वर्षे

१९६७ च्या लोकसभा निवडणुकीत दक्षिण मुंबईत कामगार नेते जॉर्ज फर्नांडिस यांनी पाटील यांचा पराभव केला. हा त्या निवडणुकीतील सर्वांत धक्कादायक निकालांपैकी एक होता. संयुक्त महाराष्ट्राला केलेला विरोध, महागाई आणि धान्यटंचाई यांचा त्यात वाटा असल्याचे मानले जाते. १९६९ मध्ये ते गुजरातमधील बनासकांठा येथून पोटनिवडणुकीत लोकसभेवर गेले. काँग्रेसमधील सिंडिकेट या ज्येष्ठ नेत्यांच्या गटाचे ते प्रमुख सदस्य होते. १९६९ च्या फुटीनंतर ते संघटना काँग्रेसमध्ये राहिले. २४ मे १९८१ रोजी त्यांचे निधन झाले. मालवण येथील स. का. पाटील सिंधुदुर्ग महाविद्यालयास त्यांचे नाव देण्यात आले आहे.

मूल्यमापन

पाटील यांच्या कराराने साठच्या दशकाच्या पूर्वार्धात शहरांना धान्य मिळाले, परकीय चलन वाचले आणि भाववाढ काही काळ रोखली गेली. या धान्याशिवाय मुंबईसारख्या शहरांचे शिधावाटप चालवणे अवघड झाले असते. परंतु त्यातून मिळालेल्या अवधीत देशांतर्गत उत्पादन पुरेसे वाढले नाही आणि राखीव साठाही टिकला नाही.

हा करार दुसऱ्या देशातील शिलकीवर उभा होता आणि ती शिल्लक कायमची नव्हती. १९७२ मध्ये सोव्हिएत संघाने अमेरिकेकडून प्रचंड धान्यखरेदी केली. जागतिक बाजारातील भाव भडकले आणि स्वस्त गव्हाचा काळ संपला. त्याच वर्षी महाराष्ट्रात भीषण दुष्काळ होता. मिलो ही परदेशी लाल ज्वारी आणि दुष्काळी कामांवर वाटली जाणारी सुकडी यांच्या आठवणी त्या पिढीत आजही आहेत. १९७३ मध्ये भारताला सोव्हिएत संघाकडून २० लाख टन गहू उसना घ्यावा लागला.

फेब्रुवारी १९७४ मध्ये अमेरिकेने आपल्या खात्यात साठलेल्या रुपयांपैकी १,६६४ कोटी रुपये भारताला परत केले आणि १९५६ पासूनच्या या व्यवहाराचा मुख्य हिशेब मिटला. वाईट वर्षासाठी धान्याचा राष्ट्रीय साठा ठेवण्याची कल्पना मात्र टिकून राहिली. १९६० मध्ये हा साठा परदेशी धान्यातून उभारायचा होता. पुढे अन्न महामंडळाने तो देशातच खरेदी केलेल्या धान्यातून उभारला.